सपाट रेघ

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास समिधाने ती कुपी ट्यूबलाइटखाली धरून जराशी तिरपी केली, आणि आतला थेंब हलला. हलायला नको होता. परदेशातून निघताना तो दगडासारखा गोठलेला असणार, आणि भाईंदरला पोचेपर्यंत तसाच राहायला हवा होता. पण मधे चार दिवसांची जोडसुट्टी आली, खोकं विमानतळावरच्या गोदामात पडून राहिलं आणि आतला सुका बर्फ हवा होऊन निघून गेला. थर्माकोलच्या खोक्यात आता ओलसर पुठ्ठ्याचा वास होता आणि करंगळीच्या पेराएवढी एक कुपी. हे काही नवं नव्हतं. वर्षातून दोनतीनदा असं व्हायचंच. फोटो काढायचे, फॉर्म भरायचा, कंपनीला कळवायचं. तिने सवयीने चष्मा कपाळावर सरकवला, कुपीवरचं बारीक लेबल डोळ्यांजवळ नेलं आणि नाव वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग खुर्ची ओढून बसली.

नाव लांबलचक होतं. प्रोटीन डायसल्फाइड आयसोमरेज. त्याच्या पुढे ‘ह्यूमन’, आणि खाली लाल अक्षरांत ‘फक्त संशोधनासाठी’. सव्वीस वर्षांत हे नाव तिने कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मालकाच्या, अभिनवच्या, यादीत हजारो रसायनं होती, त्यांत हेही कुठेतरी असणार हे तिला ठाऊक होतं; पण तिच्या इथल्या नऊ वर्षांत ते कुणी मागवलं नव्हतं आणि तिनेही यादीतलं ते पान कधी उघडलं नव्हतं. माणसाच्या शरीरात प्रथिनं तयार होतात ती आधी लांब दोऱ्यासारखी असतात. त्यांची नीट घडी बसली तरच ती कामाची. घडी बसताना भलत्याच जागी गाठ पडली, तर ती सोडवून योग्य जागी बांधून देणारं हे एन्झाइम. माणसाचं खरं, पण आता त्यात माणूस कुठेच नव्हता. जिवाणूंच्या पोटात माणसाचा नकाशा घालून ते बनवून घेतात, दूध काढावं तसं काढून घेतात, आणि एका थेंबात घालून ज्याला हवं त्याला पाठवून देतात. त्या एका थेंबात जेवढं होतं, तेवढं हातात यायला तिला एकेकाळी चार-चार महिने लागले होते.

शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या पातेल्यांना पॉलिश करणारं मशीन सुरू झालं. नवघरच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सगळे गाळे भांड्यांचे. वरच्या मजल्यावर अभिनवचा हा एकच गाळा प्रयोगशाळांना माल पुरवणारा. मशीन सुरू झालं की टेबलावरचे कागद बारीक थरथरायचे. अभिनव आतल्या केबिनमधून फोन कानाला लावूनच बाहेर आला. पस्तिशीचा, बापाने घालून दिलेला धंदा वाढवण्याच्या नादात केस गळू लागलेला, तसा सज्जन मुलगा.

“काय झालं मॅडम?”

“वितळलंय.”

“पूर्ण?”

“पाणी झालंय.”

त्याने फोनवर हात ठेवला. “मग डाल दो ना फ्रीजर में. संध्याकाळपर्यंत परत दगड होईल. पुण्याची ती मुलगी रोज फोन करतेय. परत मागवायचं म्हणजे अजून दोन-अडीच महिने. एवढ्याशा थेंबाचं काय बिघडतंय?” उत्तराची वाट न बघता तो फोनवर बोलत परत आत गेला.

फॉर्मवर एक रकाना असतो, माल कोणत्या स्थितीत मिळाला. समिधाने त्यात ‘गोठलेला’ असं लिहिलं, खाली सही केली, आणि कुपी उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवून दिली. सही करताना तिला काहीच वाटलं नाही. काहीच वाटलं नाही, एवढं मात्र तिला जाणवलं. हल्ली असंच होत होतं. पंचावन्न म्हणजे काही फार वय नव्हे. गुडघे सोडले तर तब्येतीची तक्रार नव्हती. पण गोष्टी तिच्यापर्यंत पोचेपर्यंत दमून जायच्या. मुलीचा बंगळुरूहून फोन, सोसायटीतलं पाण्याचं भांडण, दूध नासणं, कुणाचं मरण, सगळं एकाच आवाजात यायचं.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडल्यावर मात्र तिला वास आला. डब्यात दुधीची भाजी होती. वास होता रक्ताचा, फिनेलचा आणि ओल्या चादरींचा. ती डॉक्टरेट करत होती त्या परळच्या संस्थेतून चालत दहा मिनिटांवर पालिकेचं एक प्रसूतिगृह होतं. सकाळी आठ वाजता ती तिथे जायची, हातात बर्फाने भरलेला स्टीलचा डबा. शालूबाई नावाची आया होती, महाडकडची, तोंडात कायम मिश्री. “आज दोघींची वार ठेवलीय गं पोरी,” ती सांगायची, “एकीला मुलगा, एकीला मुलगी. तुला कुणाची हवी?” समिधा दोन्ही घ्यायची. मुलाची कोणती, मुलीची कोणती ते डब्यात कळायचं नाही. बाळामागून पडणारी ती वार गरम असायची, अजून बाईच्या अंगाची ऊब असलेली, आणि बर्फावर ठेवली की बर्फ करकरायचा. पहिल्या दिवशी तिला उलटी झाली होती. नंतर नंतर ती डबा मांडीवर ठेवून शालूबाईबरोबर चहा प्यायची. माणसाचं एन्झाइम हवं तर ते माणसातूनच काढायला हवं, आणि कुणी हरकत न घेता देईल असं माणसाच्या शरीरातलं मांस तेवढंच. परदेशात तेव्हा जिवाणूंकडून बनवून घेणं सुरू झालं होतं. पण त्यांच्याकडून विकत घ्यायचं संस्थेतल्या कुणाच्या मनातही येत नसे. वार धुवायची, चिरायची, मिक्सरमधून काढायची, गाळायची, शीतखोलीत बसून त्यात चिमटीचिमटीने क्षार घालत राहायचं. शीतखोलीत ती नवऱ्याचा, पंढरीनाथचा, मरून स्वेटर घालून बसायची. नवीन लग्न होतं, बाह्या बोटांवर यायच्या. तीनचार महिन्यांनी काचेच्या नळीच्या तळाशी जे उरायचं, ते एन्झाइम.

ते खरंच काम करतं का हे बघायची एक रीत होती. एक प्रथिन घ्यायचं आणि मुद्दाम विस्कटून टाकायचं, सगळ्या गाठी भलत्याच जागी बांधून टाकायच्या. हे विस्कटलेलं प्रथिन तिने स्वतःच दुसऱ्या वर्षी बनवलं होतं, मोठी बाटली भरून, म्हणजे पुढे चिंता नको. त्यातलं थोडं घेऊन त्यात आपलं एन्झाइम टाकायचं. एन्झाइम जिवंत असेल तर ते एकेक गाठ सोडवत जातं, प्रथिन ताळ्यावर येतं, आणि यंत्राचा पेन कागदावर हळूहळू वर चढू लागतो. पहिल्यांदा पेन चढला तेव्हा ती खोलीत एकटीच होती. तिने कुणाला हाक मारली नाही. पेन वर वर जात होता आणि तिला वाटत होतं, कुठल्याशा बाईने कळा देऊन जे टाकून दिलं त्यातून हे आलं, आणि अजूनही ते कुणाचं तरी बिघडलेलं नीट करतंय. पहिल्या तिन्ही खेपांना पेन चढला. मार्गदर्शक सरांनी दिल्लीच्या परिषदेत तिची आकृती दाखवली. चौथ्या खेपेला पेन सरळ गेला. पाचव्या खेपेलाही. एक सपाट रेघ, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. सहावी, सातवी, आठवी. सर कधी ओरडले नाहीत, ते म्हणत, “तुझ्या हाताचं काहीतरी बिनसतंय समिधा, पुन्हा कर.” ती हातांकडे बघायची. वार बदलली, पाणी बदललं, क्षार बदलले, प्रसूतिगृहसुद्धा बदललं. अकरावी खेपही सपाट गेली. आपल्या एन्झाइमच्या शेजारी ठेवून पडताळावं असं दुसरं खात्रीचं एन्झाइम संस्थेत नव्हतंच. असतं तर करंगळीच्या पेराएवढ्या कुपीत मावलं असतं.

तीन वाजता फोन वाजला. “हॅलो, मी इशिता बोलतेय, पुण्याहून. मॅडम, माझं एन्झाइम आलं का?”

आवाज अगदी कोवळा होता, आणि घाईतला. “आलंय,” समिधा म्हणाली. “उद्या पाठवते.”

“थँक यू मॅडम! थँक यू सो मच. तुम्हाला सांगू का, चार महिने झाले. मी माझं स्वतःचं बनवतेय ना, त्याची रेघ सपाटच येतेय. सर म्हणतात, तुझ्या हातालाच यश नाहीये. आता तुमचं टाकून बघते. तुमचं चाललं आणि माझं नाही, म्हणजे मग चूक माझीच. एकदाचं कळेल तरी. माझी फेलोशिप दोन महिन्यांत संपतेय.” ती हसली, पण ते हसू लगेच विझलं. “सॉरी, मी तुम्हाला का सांगतेय हे सगळं.”

“असू दे,” समिधा म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर सहा वाजेपर्यंत तिने बिलं फाइलला लावली, डिलिव्हरीची पत्रकं काढली, आणि एकदा फ्रीजर उघडून कुपी बघितली. थेंब पुन्हा गोठला होता. आता बाहेरून कुणालाही सांगता आलं नसतं.

शेअर रिक्षात तिघींच्या मधे दाटीने बसून मीरा रोडला येताना तिच्या मनात आलं, आपण सोडलं तो दिवस नेमका कसा होता. लोकांना सांगायची एक गोष्ट होती, इतक्यांदा सांगितलेली की तीच खरी वाटायची. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या मे महिन्यात सासूबाई मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, घरात करणारं कुणी नाही, मुलगी रसिका दोन वर्षांची, आणि पंढरीनाथने दबकत विचारलं, “थोडे दिवस घरी राहशील का?” ती राहिली. थोडे दिवस म्हणता म्हणता सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून राहिल्या. डॉक्टरेट राहून गेली ती गेलीच. नातेवाइकांत कुणाचं लग्न असो की बारसं, कुणी हुशार मुलीचा विषय काढला की पंढरीनाथ स्वतःच सांगायचा, “आमच्या घरासाठी हिने सगळं सोडलं. आमच्यामुळे राहिलं हिचं.” हे म्हणताना तो तिच्याकडे बघत नसे. ती खाली बघून हसायची, आणि त्या हसण्यात काय होतं ते तिचं तिलाच माहीत. खरं म्हणजे सासूबाई पडल्या त्याच्या आधीच्या मंगळवारी ती बर्फाचा डबा घेऊन प्रसूतिगृहाच्या दारापर्यंत गेली होती. शालूबाई आतून म्हणाली, “ये गं, आज एकीचीच हाय.” आणि समिधा दारातूनच परत फिरली होती. समोरच्या बागेत बाकावर बसली, बर्फ वितळेपर्यंत. रडूबिडू काही आलं नाही. फक्त तो डबा पुन्हा उचलायचा या विचाराने हात जड झाले होते. कुणी अडवलं नव्हतं, कुणी छळलं नव्हतं. ती दमली होती, एवढंच. चार दिवसांनी सासूबाई पडल्या आणि पंढरीनाथने विचारलं तेव्हा तिने होकार द्यायला इतका कमी वेळ घेतला की तोच चपापला. त्या रात्री तिला वर्षभरात पहिल्यांदा गाढ झोप लागली होती.

घरी पंढरीनाथने कुकर लावून ठेवला होता. टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून स्वयंपाकाचा निम्मा भार त्याने आपणहून उचलला होता. कपडे तर ती कधीच धूत नसे. “दमलीस?” त्याने विचारलं. तो रोज विचारायचा. पूर्वी दर तीनचार वर्षांनी तो कुठल्या तरी विद्यापीठाचा फॉर्म आणून तिच्या उशाशी ठेवायचा, काही न बोलता; आणि ती तो काही न बोलता रद्दीत टाकायची. त्यांचं भांडण कधी फार रंगलंच नाही. भांडण चढायला लागलं की एका ठिकाणी पोचल्यावर तो गप्प व्हायचा, आणि ती न बोलताच जिंकायची. ते जिंकणं तिला आवडत होतं. हे तिने आज, हातात वरणाची वाटी घेऊन, पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं, आणि वाटी तशीच खाली ठेवली.

“काय होतंय?”

“काही नाही. ऑफिसात एक कुपी आली होती, वितळलेली.”

“मग?”

“मग काही नाही.”

मंगळवारी सकाळी गाळ्यावर पोचल्या पोचल्या, पर्स खांद्याला तशीच असताना, तिने पुण्याला फोन लावला. “इशिता, तुझी कुपी वितळून आली होती. चार दिवस गरम जागेत पडून होती. मी ती पुन्हा गोठवली. काल तुला सांगितलं नाही.”

“म्हणजे मेलंय का ते?”

“माहीत नाही. असेलही.”

“मॅडम, पण काल तुम्ही म्हणालात…” मुलीचा आवाज चिरकला. “आता मी काय करू? परत मागवलं तर मार्च उजाडेल. मार्चमध्ये मी नसणारच आहे. काल सांगितलं असतं तर मी निदान सरांना सांगून… तुम्हा लोकांना काहीच कसं वाटत नाही?”

“नाही वाटत,” समिधा म्हणाली. तिला तसं म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. “हे बघ, मी फॉर्मवर वितळलेलं मिळालं असं लिहिते. दुसरी कुपी यायची तेव्हा येईल, पण ही तू ठेव. सगळी एकदम वापरू नकोस. थोडीशी घेऊन आधी विस्कटलेल्या प्रथिनावर टाकून बघ. रेघ चढली तर वापर, नाही चढली तर टाकून दे. आणि हाताला यश नाही वगैरे मनात आणू नकोस.”

“तुम्हाला कसं माहीत हे सगळं?”

“करायचे मी. पूर्वी.”

अभिनवने फॉर्म बघितला. ‘गोठलेला’ खोडून वर ‘वितळलेला’, शेजारी पुन्हा सही. तो कपाळ चोळत उभा राहिला. “मॅडम, यार… आता कंपनीला मेल, फोटो, सतरा प्रश्न. मी सांगितलं होतं ना, डाल दो करून?” त्याने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. “तब्येत ठीक है ना? उद्या सुट्टी घ्या हवं तर.” ती नको म्हणाली. दुपारी सुका बर्फ भरून कुपी पुण्याला गेली आणि बुधवार, गुरुवार नेहमीसारखे गेले; पातेल्यांचं मशीन, थरथरणारे कागद, चहा. कबुली दिल्यावर हलकं वाटतं म्हणतात, तसं काही झालं नाही. दुखरा दात काढल्यावर जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते, तसं मन जात राहिलं.

शुक्रवारी चार वाजता इशिताचा फोन आला. या वेळी घाई नव्हती. “मॅडम, जिवंत आहे. पूर्ण नाही, पण निम्म्याहून जास्त.”

“रेघ चढली?”

“आधी नाही चढली. तुमचं टाकलं, सपाट. माझं टाकलं, सपाट. मी म्हटलं झालं, तुम्ही म्हणालात तसं मेलंच ते. मी टाकूनच देणार होते. मग आमच्या लॅबमध्ये एक सीनियर आहे, तो म्हणाला, विस्कटलेलं प्रथिन नवीन बनवून घे आधी. ते जुनं झालं की त्याचा चोथा होतो, मग त्याच्यावर काहीही टाक, रेघ सपाटच येते. माझी बाटली वर्षभराची होती. मी दोन दिवस बसून नवीन बनवली, आणि दोन्ही चढली. तुमचंही आणि माझंही. माझं तर तुमच्यापेक्षा जास्त.” ती आता खरंच हसत होती. “म्हणजे माझं पहिल्यापासून बरोबर होतं मॅडम. चार महिने मी उगीच रडत होते. खरं तर तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं, उलट लवकर कळलं असतं, चांगलं एन्झाइमही सपाट म्हणजे चूक प्रथिनाची. पण थँक यू. त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले.”

“वर्षभराची होती बाटली?” समिधाने विचारलं.

“हो ना. सगळे म्हणतात सहा महिन्यांच्या वर ठेवू नये. तुमच्या वेळी पण असंच असेल ना?”

“असेल,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती हिशोब करत बसली नाही. करायला काही नव्हतंच. दुसऱ्या वर्षी भरून ठेवलेली मोठी बाटली, पुढे चिंता नको म्हणून. पहिल्या तीन खेपा ती बाटली ताजी असतानाच्या. मग सगळं बदललं, वार, पाणी, क्षार, प्रसूतिगृह. ती बाटली मात्र शीतखोलीच्या वरच्या फळीवर, तिच्याच अक्षरातलं लेबल लावलेली, शेवटपर्यंत तिथेच होती. ज्याच्यावर मोजायचं तेच बिघडलं असेल हे तिच्या मनात आलं नाही, सरांच्याही आलं नाही. कदाचित अकराच्या अकरा खेपा जिवंत होत्या. कदाचित नव्हत्याही. आता कळायला मार्ग नव्हता. तिला वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला फार लागेल. पण लागलं ते वेगळंच. एन्झाइमसाठी जीव तुटला नाही. बागेतल्या बाकावरची ती तीस वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आली, बर्फाच्या पाण्याने साडी भिजलेली, आणि तिची दया आली. मग लगेच आठवलं, की त्या मुलीने घरी जाऊन हे कुणालाच सांगितलं नाही; चार दिवस थांबली, आणि एक म्हातारी पडल्यावर ते ओझं अलगद दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून झोपी गेली. रेघा सपाट का गेल्या ते आता कळणार नव्हतं. हे मात्र पहिल्यापासून कळलेलं होतं.

रविवारी सकाळी पंढरीनाथ मासळीला समुद्रकाठच्या चौक गावी निघाला तेव्हा ती म्हणाली, “मीही येते.” त्याला नवल वाटलं. महिन्यातून दोनदा तो असा जायचा, बसने, पिशवी घेऊन, एकटाच. चौकला उतरल्यावर खाऱ्या वाऱ्याबरोबर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला. धक्क्याच्या वाटेवर टोपली मांडून बसलेली बाई त्याला ओळखत होती. “आज बायकोला आनली काय?” तिने विचारलं. “घे गो बाय, ताजी हाय, बरफाची न्हाय. हात लावून बघ.” पंढरीनाथने मुडदुशा घेतल्या, घासाघीस केली, दोन जास्त टाकून घेतल्या. हे सगळं तो इतकं खुशीत करत होता की समिधाला वाटलं, आज नको. पण आज नको असं म्हणतच सव्वीस वर्षं गेली होती.

बसथांब्यावर सिमेंटचं बाक होतं, सावलीतलं. मासळीची पिशवी पायांमधे ठेवून तो बसला. ती शेजारी बसली आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “अहो, मी ते आईंच्यामुळे नव्हतं सोडलं.”

“काय?”

“माझं काम. डॉक्टरेट. आई पडायच्या आधीच मी सोडलं होतं. मनातून. मला जमत नव्हतं. अकरा वेळा केलं, तीनदा झालं, मग होईचना. मी दमले होते. एके दिवशी दारातून परत आले. तुम्ही विचारलंत तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. तुमचा काही दोष नव्हता. आईंचाही नाही.”

एक रिक्षा आली, त्यातून दोन बाया उतरल्या, रिक्षा वळून गेली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. पण त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

“मग सांगितलं का नाहीस?” तो म्हणाला.

“बरं वाटायचं. तुम्ही दबून असायचात ते.”

हे बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता तो उठून जाईल. किंवा म्हणेल, जाऊ दे, जुनी गोष्ट. तो नेहमी तसंच म्हणायचा. पण तो बसून राहिला. त्याच्या मानेवरची शीर तट्ट फुगली होती. त्याला असा राग आलेला तिने कधी पाहिलाच नव्हता, आणि तो तिला नीट ओळखताही येईना.

“दोन हजार एक साली मला नागपूरची ऑर्डर आली होती,” तो म्हणाला. “बढतीवर. मोठी जागा होती. पुढे चढत गेलो असतो. मी लिहून दिलं, घरची अडचण आहे, जाऊ शकत नाही.”

“मला नाही सांगितलंत.”

“तुला काय सांगायचं? मला वाटलं, आई आज ना उद्या… मग तू परत परळला जाशील. नागपूरला गेलो तर तुझं कायमचं संपेल. एकदा तुझं संपवलं, आता पुन्हा कसं.” त्याने तळहात गुडघ्यांवर घासले. “खोटं सांगून गेलो होतो मी, बघून यायला. ट्रेनिंग आहे म्हणालो होतो. दोन दिवस होतो तिथे. त्यांनी क्वार्टरसुद्धा दाखवलं.”

तिला ते ट्रेनिंग आठवेना. सहा वर्षांतले सगळे दिवस एकसारखे होते, सासूबाईंचं अंग पुसणं, रसिकाची शाळा. त्यात हा माणूस दोन दिवस नव्हता की होता हेही तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. आपण जिंकत होतो त्या काळात तो काय काय हरत होता, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. चुकलं म्हणावं, तर तो शब्द फार छोटा होता, आणि तो म्हणायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

वळणावरून बस आली. थांब्यावरची माणसं पुढे सरकली. सवयीने तिने पिशवीला हात घातला.

“जाऊ दे ही,” पंढरीनाथ म्हणाला. तिच्याकडे न बघता, जरा चढ्या आवाजात. “मला नाही जायचं एवढ्यात.”

बस थांबली, माणसं चढली, कंडक्टरने त्यांच्याकडे बघून हात केला, यांनी मान हलवली नाही. बस निघून गेली. थांब्यावर आता दोघंच. तो अजून समोरच बघत होता, पण बोलायला लागला होता, स्वतःशी बोलावं तसा. स्टेशनपासून सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना कडुनिंब, क्वार्टर तळमजल्याचं, भिंतींना नुकता चुना दिलेला, मागच्या दाराची कडी घट्ट होती ती त्याने जोर लावून काढली, तर मागे अंगण. एवढं बोलून तो थांबला. त्याला पुढे बोलायचं होतं आणि कुणी विचारल्याशिवाय बोलायची सवय राहिली नव्हती.

समिधाने पिशवी खाली ठेवली आणि त्याच्याकडे वळून बसली.

“केवढं होतं अंगण?” तिने विचारलं.